नक्षी आणि पाणी

डमास्कसची सुरी हातात आली की माणूस आधी ती उजेडाकडे धरतो. पात्यावरच्या काळ्या-पांढऱ्या लाटा बघतो, त्यांवरून अंगठा फिरवतो आणि विचारतो, "केवढ्याला पडली?" धारेकडे नजर सगळ्यात शेवटी जाते. परभणीत माझ्याकडे सुऱ्या घेऊन येणाऱ्या मंडळींचा हाच क्रम मी बघत आलोय. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हाइस, कानशी आणि पाण्याचे दगड असा पसारा मांडला. गल्लीतल्या विळ्या, खानावळीतल्या सुऱ्या, शिंप्याच्या कात्र्या असं काहीबाही धारेला येत असतं. हल्ली त्यात नक्षीवाल्या सुऱ्या वाढल्यात. कुणाला पुण्याच्या भाच्याने वाढदिवसाला दिलेली असते, कुणी मोबाइलवर बघून मागवलेली.

या सुऱ्यांबद्दल मला मनापासून काही सांगायचंय, कारण लोखंडाच्या कामात ज्याचा जीव रमलाय त्याला ही नक्षी भुरळ पाडतेच. मलाही पाडते.

आज बाजारात डमास्कस म्हणून मिळतं ते म्हणजे दोन जातींच्या पोलादांचे एकमेकांत सांधलेले थर. बरेच कारागीर १०९५ आणि १५एन२० ही जोडी वापरतात. पहिल्यात कार्बन साधारण ०.९५ टक्के, दुसऱ्यात ०.७५ टक्क्यांच्या आसपास आणि वर २ टक्के निकेल. पट्ट्या एकाआड एक रचायच्या, वर टाकणखार भुरभुरायचा, भट्टीत पिवळ्याधमक होईस्तोवर तापवायच्या आणि घणाखाली किंवा प्रेसखाली दाबून एकजीव करायच्या. मग तो ठोकळा लांबवायचा, कापायचा, पुन्हा रचायचा. घडीच्या पोळीचे पदर वाढावेत तसे थर वाढत जातात. ७ चे १४, १४ चे २८, असं करत २२४ पर्यंत. मधेच ठोकळ्याला पीळ दिला की नक्षीत चांदण्या उमटतात, खाचा पाडून सपाट केला की शिडीसारखे पट्टे येतात.

गंमत अशी की पातं घासून गुळगुळीत झालं तरी नक्षी दिसत नाही. ते नुसतं पांढरं, साधं पातं असतं. इलेक्ट्रॉनिक्स ट्रेडची पोरं ज्यात सर्किट बोर्ड बुडवतात त्या फेरिक क्लोराइडच्या पातळ द्रावणात ते सोडावं लागतं. एका तरुण कारागिराकडे मी हे जवळून बघितलं. चहाच्या रंगाचं पाणी प्लॅस्टिकच्या उभ्या नळीत भरलेलं. पातं दोरीला बांधून आत सोडलं. थोड्या वेळाने वर काढलं तर सगळं काजळी धरल्यासारखं काळं. नळाखाली धरलं, खायच्या सोड्याने आम्ल मारलं, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एक हात मारला, आणि काजळीतून एकेक रेघ वर आली. निकेलवाले थर आम्लाला दाद देत नाहीत, ते चकचकीत राहतात. बाकीचे काळे पडतात. त्या पोराने घातलेला प्रत्येक घाव, दिलेला प्रत्येक पीळ त्या रेघांमध्ये वाचता येत होता. हे काम सुंदर आहे. त्याला किंमत मिळायलाच पाहिजे.

पण ती किंमत कशाची, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

जाहिरातीत लिहिलेलं असतं की कडक आणि मऊ थर धारेवर येऊन त्यांची सूक्ष्म करवत बनते, म्हणून ही सुरी जास्त कापते. ऐकायला पटतं. पण सांधताना पोलाद १,००० अंशांच्या बरंच वर गेलेलं असतं, आणि त्या उष्णतेत कार्बन एका थरातून शेजारच्या थरात सहज सरकतो. थर जितके जास्त तितके ते पातळ, आणि कार्बन तितक्या लवकर सगळीकडे सारखा होतो. निकेल मात्र जागचं फारसं हलत नाही. म्हणून नक्षी टिकते आणि कडकपणातला फरक जवळपास पुसला जातो. शेवटी धारेला मिळतं ते ०.८-०.९ टक्के कार्बनचं एक चांगलं, साधं पोलाद. त्याच पोलादाची बिननक्षीची सुरी त्याच कारागिराने केली तर कापण्यात दोघींचा फरक हाताला जाणवायचा नाही.

दुसरा प्रकार जपानी धाटणीच्या सुऱ्यांचा. त्यात मधे एकच कडक पट्टी असते, बऱ्याचदा व्हीजी-१० नावाच्या स्टेनलेसची, आणि दोन्ही बाजूंनी नक्षीवाल्या मऊ पोलादाचं अस्तर. धारेच्या थोडं वर एक वळणदार रेघ दिसते, तिथे अस्तर संपतं. खाली कांद्याला भिडते ती मधली पट्टी. नक्षी भाजीपर्यंत पोचतच नाही. यात फसवणूक काही नाही, कारण कडक गाभा आणि मऊ अस्तर ही जुनी, शहाणी रचना आहे. अस्तरावर नक्षी नसती तरी ती सुरी तशीच चालली असती, एवढंच.

तिसऱ्या प्रकाराचा मात्र मला राग आहे. गल्लीतला एक मुलगा आला. स्वयंपाकाचं शिकतोय, पहिल्या पगारातून ऑनलाइन सुरी मागवलेली, वर मोठ्या अक्षरांत 'सदुसष्ट थर'. मी सवयीप्रमाणे पातं उभं धरून पाठ बघितली. खरे थर असतील तर त्यांच्या रेघा पाठीवरही दिसायला हव्यात. इथे पाठ कोरी. दोन्ही बाजूंची नक्षी तर हुबेहूब सारखी, आरशात बघावी तशी. मुठीजवळच्या कोपऱ्यात त्याला विचारून पॉलिश पेपर घासला. नक्षी निघून गेली. त्या जागेवर आम्लाचा थेंब ठेवला, धुतला. तिथे करडा डाग उठला, रेघ एकही नाही. लेझरने छापलेलं चित्र होतं. मुलगा काही बोलला नाही, सुरी कागदात गुंडाळून घेतली. मी त्याला म्हटलं, ठेव, हिची धार तरी नीट करून देतो. दगडावर घेतली तर धार लागायचा पत्ता नाही. मऊ पोलाद, काठावर बोचरी गोळी, म्हणजे वळलेली कड, यायची, एका बाजूने काढली की दुसऱ्या बाजूला वळायची. चित्रावर खर्च केला होता, पाण्यावर केला नव्हता.

पाणी म्हणजे पोलाद नेमकं तापवून आणि विझवून धारेला आणलेला कडकपणा; आपल्याकडे शेतकऱ्याला ते सांगावं लागत नाही. सोयाबीन काढणीला यायच्या आधी मराठवाड्यातल्या प्रत्येक गावात विळे-खुरपी शेवटून, म्हणजे लोहाराकडून धार-पाणी करून, घ्यायची घाई उडते. सोयाबीनचं वाळलेलं खोड लाकडासारखं असतं. बिनपाण्याचा विळा दोन तासांत दात टाकतो आणि मजूर बाई तो धुऱ्यावर फेकून देते. गंगाखेडच्या रस्त्याला लिंबाखाली घिसाड्यांचं, म्हणजे फिरत्या लोहारांचं, पाल पडलं की मी सायकल काढून जातो. तिथे बसून जे शिकलो ते मी वर्गात फळ्यावर शिकवलेल्यापेक्षा कमी नाही.

त्यांचा माल म्हणजे ट्रकच्या कमानीचे पाटे. भंगारातून किलोवर आणलेले. या स्प्रिंगच्या पोलादात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. सुरीला जरा कमी, पण कोयत्या-कुऱ्हाडीला झकास. पालावरचे दादा सांडशीत लोखंड धरून ऐरणीपाशी बसतात, मावशी उभ्याने घण मारतात. दादांचा हातोडा ऐरणीवर टिचकी देतो, त्या टिचकीवर घण कुठे पडायचा ते ठरतं. आपसात त्यांची गुजरातीकडे झुकणारी बोली चालते. कामात तीही फारशी लागत नाही.

कोयता घडून झाला की सगळे थोडे सावध होतात. मावशी घण खाली ठेवतात, कुणी लेकरू भट्टीच्या पंख्याचं चाक हळू फिरवायला लागतं. पाल नेहमी दाट सावलीत का असतं ते मला तेव्हा कळलं. उन्हात लोखंडाचा रंग खोटा दिसतो. दादा कोयत्याची फक्त धारेची बाजू तापवतात, पिकल्या जांभळासारखा गडद लाल रंग आधी येतो, मग तो उजळत जातो. एका क्षणी ते बाहेर काढतात. मी एकदा खिशात लोहचुंबक नेलं होतं. पोलाद ७७० अंशांच्या वर गेलं की चुंबकाला चिकटत नाही, पाणी देण्याची उष्णता त्याच्या थोडी वर. दादांनी कोयता काढला तसं मी चुंबक टेकवलं. चिकटलं नाही. पुन्हा दुसऱ्या कोयत्याला, पुन्हा तिसऱ्याला. त्यांची नजर एकदाही चुकली नाही.

मग धार तेवढी पाण्यात, दोन बोटं खोल. चर्र आवाज होतो आणि ते लगेच वर काढतात; पाठ अजून लालसर गरम असते. विटेच्या तुकड्यावर धार दोन वेळा घासून पांढरी करतात आणि डोळ्यांजवळ धरून बघत बसतात. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरते आणि पांढऱ्या पट्टीवर रंग चालत येतात. आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, त्यामागे तपकिरी, त्यामागे जांभळा. पुस्तकात हे २२० अंश, २५० अंश, २८० अंश असं लिहिलेलं असतं. छिन्नी असेल तर पिवळ्यावर थांबवतात. कोयता उसाच्या बुडख्यावर आणि अधूनमधून दगडावर आपटणार, म्हणून जांभळा धारेला टेकू देतात आणि मग सगळा कोयता पाण्यात सोडतात.

"पिवळ्यावर ठिवला तर लई कडक ऱ्हातंय सर," दादा म्हणाले, "फडात दगुड लागला की टवका उडतोय. निळा होऊ दिला तर वळतंय. मधी धरावं लागतंय."

हे सगळं झाल्यावर कोयत्यावर काय दिसतं? काहीच नाही. काळं लोखंड, पांढरी धार. शेजारी दुसऱ्या कुणाचा बिनपाण्याचा कोयता ठेवला तर दोन्ही सारखेच. गिऱ्हाईक दोनशे रुपये सांगितले की दीडशेला मागतं. रंग ओळखणारी ती नजर त्या व्यवहारात कुठेच मोजली जात नाही, आणि मला ते फार लागतं.

कारखान्यातल्या किंवा चांगल्या कारागिराच्या सुरीतही गोष्ट हीच असते, साधनं तेवढी वेगळी. १०९५ ला साधारण ८०० अंशांवर नेऊन तेलात विझवायचं. तेव्हा ते काचेसारखं ठिसूळ होतं. मग २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास भट्टीत ठेवून ताण काढायचा. कडकपणा रॉकवेल मोजमापात ६० च्या आगेमागे येतो. यात वीस-तीस अंश इकडे-तिकडे झाले की तेच पोलाद, तीच नक्षी, आणि सुरी अगदी वेगळी. दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे धारेच्या पाठीमागची जाडी. माझ्याकडे आलेल्या कितीतरी नक्षीवाल्या सुऱ्या पाठीला चार-पाच मिलिमीटर जाड आणि धारेपर्यंत तशाच जाडजूड उतरलेल्या असतात. अशी सुरी गाजरावर चालवली की गाजर कापलं जात नाही, मधेच कडकन फुटतं. धारेच्या जरा वर जाडी ०.३ मिलिमीटरपर्यंत आणली, प्रत्येक बाजूने १५ अंशांचा उतार दिला, तर साध्या पोलादाची सुरीही कांद्यातून अशी उतरते की डोळ्यांना पाणी कमी येतं, कारण कांदा चिरडला जात नाही.

नक्षी आणि पाणी हे कायम असे विभक्त नव्हते, आणि याची कथा आपल्या अगदी जवळची आहे. नांदेडहून निघालेली गाडी मुदखेड, उमरी, धर्माबाद करत बासरजवळ गोदावरी ओलांडते आणि निजामाबादला पोचते. त्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. १९४८ पर्यंत आपण आणि ते गाव एकाच हैदराबाद संस्थानात होतो. तिथे मातीच्या मुशीत लोखंड वितळवून पोलादाच्या वड्या केल्या जात आणि त्या खरेदी करायला इराणचे व्यापारी थेट गावात येत. हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने ते काम पाहिलं. त्याचं वर्णन १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आलं. युरोपीय ज्याला वूट्झ म्हणत ते हेच दख्खन आणि दक्षिणेकडचं पोलाद. १७९४ मध्ये मुंबईहून हेलेनस स्कॉट या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने, जो स्वतः लोहाराचा मुलगा होता, त्यावर प्रयोग केले. पश्चिम आशियात गेलेल्या अशाच पोलादाच्या तलवारींना डमास्कस हे नाव चिकटलं.

त्या तलवारींवरची नक्षी थर सांधून आलेली नव्हती. एकाच वडीत दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, मूस हळूहळू थंड केलेली, आणि खनिजातूनच आलेले व्हॅनेडियमसारख्या धातूंचे नगण्य अंश. ठोकताना वारंवार बेताने तापवलं की कार्बाइडचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक संयुगाचे, बारीक कण ओळीने बसत आणि पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी उठे. अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहोव्हेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९० च्या दशकात हे करून दाखवलं. भट्टीत एकदा उष्णता जास्त झाली की कण विरघळतात आणि नक्षी जाते. म्हणजे नक्षी दिसते आहे याचा अर्थच असा की वडी चांगली होती आणि लोहाराने उष्णता हाताबाहेर जाऊ दिली नाही. घेणारा उजेडात पातं धरत असे तेव्हा तो कारागिराचं न दिसणारं काम वाचत होता. उजेडाकडे धरायची सवय आपल्याला तिथूनच आली असावी, असं मला वाटतं; वाचायचा मजकूर मात्र बदलला.

याच व्हेरहोव्हेन यांनी २००८ मध्ये सहकाऱ्यांसोबत वूट्झच्या पात्यांची आजच्या पोलादांशी तुलना छापली. वाळूचा अंश असलेला कागद यंत्रावर पुनःपुन्हा कापून धार किती टिकते ते मोजलं. कडकपणा ६१ रॉकवेल ठेवला तेव्हा बेअरिंगचं ५२१०० पोलाद आणि एईबी-एल हे स्टेनलेस वूट्झला मागे टाकून गेलं. ४१ रॉकवेलला, म्हणजे जुन्या तलवारींच्या जवळपासच्या मऊपणाला, साध्या कार्बन पोलादापेक्षा वूट्झ थोडं सरस ठरलं. आपल्या वाडवडिलांच्या मुलखातल्या पोलादाला हा निकाल कमीपणा आणतो असं मला वाटत नाही. त्या काळात, मातीच्या मुशीत, तापमापक नसताना ते पोलाद जगात पहिल्या रांगेत होतं; आज स्कूटरच्या बेअरिंगमध्ये त्याहून टिकाऊ पोलाद फिरतं.

खटकतं ते वेगळंच. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पीटर पाऊफ्लर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये छापलं की सतराव्या शतकातल्या एका वूट्झ तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, सापडल्या. तेव्हापासून ती बातमी थर सांधलेल्या सुऱ्यांच्या जाहिरातीत येऊन बसली. त्या तलवारीचा आणि या सुरीचा धातूच्या बाजूने काही संबंध नाही. नाव तेवढं एक.

माझ्या स्वयंपाकघरातही एक नक्षीची सुरी आहे. त्या फेरिक क्लोराइडवाल्या पोराकडूनच घेतली. घेण्याआधी त्याला पोलाद कुठलं, किती अंशांवर विझवलंस, ताण कसा काढलास, धारेमागे जाडी किती, सगळं विचारलं. त्याने वहीत बघून सांगितलं. मग म्हणाला, "सर, हीच सुरी बिननक्षीची पाहिजे तर जवळजवळ अर्ध्या पैशात देतो. कापायला दोन्ही सारख्याच." मी नक्षीचीच घेतली आणि समाधानाने पैसे दिले. सकाळी भाजी चिरताना ती बघायला मला आवडतं. सांभाळायला ती नाजूक आहे. लिंबू, चिंच, अंबाडी लागली आणि तशीच राहिली की डाग पडतो, ओली ठेवली की गंजते. आमच्याकडे हाताशी करडईचं तेल असतं, पण ते पात्यावर लावू नये, वाळून चिकट थर बसतो. खोबरेल बरं. वर्ष-दोन वर्षांत काळ्या रेघा पुसट होतात, मग पुन्हा आम्लात बुडवावी लागते. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात कृपाणींची दुकानं आहेत, तिथेही मी नक्षीदार पात्यांसमोर रेंगाळतो. कृपाण श्रद्धेची वस्तू, तिची परीक्षा कुणी कांद्यावर घेत नाही. तिथे देखणेपण हेच तिचं काम. डोळ्यांना मिळणारं सुखही विकत घेण्याजोगं आहे, ते धारेच्या नावाने विकू नये इतकंच माझं म्हणणं.

मागच्या हंगामात ही सुरी मी पालावर घेऊन गेलो. दादांनी ती उजेडाकडे धरली नाही. कानशीचा कोपरा धारेमागे हलकेच ओढला, आवाज ऐकला. कानस घसरली, म्हणजे पोलाद कडक. "पाणी बेस हाय," ते म्हणाले. मग पाठ बघितली, रेघांवर नख फिरवलं आणि मावशींना हाक मारली. दोघं बराच वेळ आपल्या बोलीत काही बोलत राहिले. मी त्यांना दोन लोखंडांची गोष्ट सांगितली, निकेलची सांगितली. लाकडाच्या मोठ्या वखारीतल्या पट्टीच्या करवती बऱ्याचदा याच १५एन२० सारख्या निकेलच्या पोलादाच्या असतात, तुटल्या की भंगारात जातात, हेही सांगितलं. कमानीचा पाटा आम्लात काळा पडतो, करवतीची पट्टी पांढरी राहील.

"टाकणखार हाय आपल्याकडं," मावशी म्हणाल्या. दादा मात्र पाट्याच्या जाडीकडे बघत होते. पाटा जाड, करवत पातळ, दोन्ही एकदम कशी तापणार? आधी पाटा ठोकून पातळ करावा लागेल, आणि हाताच्या घणाला एका तापात जेमतेम पाच-सात पदर झेपतील. वखारवाल्याशी मी बोललोय, त्याने तुटलेल्या पट्ट्या बाजूला काढून ठेवल्यात. पाल आता साखर कारखान्यांच्या मुलखात गेलंय. उसाचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की परत येईल. पहिला कोयता करायचा की सुरी, यावर दादांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.